पोथीतला रावण, भिंतीवरचा कृष्ण

१९१८ साली पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराला जेमतेम एक वर्ष पूर्ण होत होते. महाभारताची देशभरची हस्तलिखिते जमवून, ती ताडून, शक्य तितकी जुनी संहिता सिद्ध करायची असा मोठा घाट संस्थेने घातला होता. त्यासाठी औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी एक लाख रुपये देऊ केले. औंध म्हणजे काही बडोदे नव्हे. बहात्तर गावे, सुमारे पाचशे चौरस मैल मुलूख, आणि तोही सलग नाही. खटावच्या माळावर औंध, पलीकडे किन्हई, खाली आटपाडी आणि कुंडल, शिवाय विजापुराकडे थोडी गावे. एवढ्या संस्थानाच्या धन्याने लाखाचा आकडा उच्चारणे हेच नवल होते. त्यात त्यांची आणखी एक हौस होती: हे महाभारत सचित्र हवे. चित्रे कोण काढणार? अर्थात तेच.

पुढे त्या खंडांच्या मुखपृष्ठामागच्या पानावर संपादक विष्णु सीताराम सुकथनकर यांच्या नावाखाली चित्रकार म्हणून बाळासाहेबांचे नाव छापले गेले, आणि ही चित्रे प्राचीन नमुन्यांवरून काढली असल्याचीही नोंद झाली. व्याकरण आणि पाठभेद यांच्या त्या रणधुमाळीत रंगीत चित्रे हवीतच असा आग्रह धरणारा माणूस सातारच्या दुष्काळी माळावरून यावा, याला कारण आहे. या पट्ट्यात देवाची गोष्ट नुसती वाचायची नसते. कुणीतरी ती सांगायची असते, आणि सांगताना काहीतरी दाखवायचे असते.

ही रीत किती जुनी, याचा एक पुरावा बाराव्या शतकातला आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. राजाने काय खावे, कोणती शिकार करावी, कोणते खेळ पाहावेत, असा सगळा दरबारी संसार त्यात आहे. त्यात रंगीत चित्रांच्या आधारे कथा सांगणाऱ्याचा, म्हणजे चित्रकथकाचा उल्लेख येतो. सोमेश्वराचा बाप विक्रमादित्य हा कऱ्हाडच्या शिलाहारांचा जावई. बिल्हण कवीने त्या स्वयंवराचे वर्णन करून ठेवले आहे. तेव्हा कृष्णा-कोयनेच्या संगमावरच्या लोकांना हा चित्रकथक अगदीच परका नसावा, असे म्हणायला हरकत नाही.

चित्रकथीचा, म्हणजे चित्रे दाखवत कथा सांगणाऱ्याचा, संसार एका बाडात मावत असे. त्याला ते पोथी म्हणत, पण ही वाचायची पोथी नव्हे. हातकागदाचे सुटे पान, साधारण हातभर रुंद, त्यावर एक प्रसंग. दोन पाने पाठीला पाठ लावून चिकटवलेली, म्हणजे एक बाजू सांगून झाली की पान उलटायचे, पुढचा प्रसंग हजर. एका आख्यानाला अशी तीस-चाळीस चित्रे. संध्याकाळी देवळाच्या मंडपात समई लागायची, मुख्य सांगणारा फळीला टेकवून पान उभे करायचा, साथीला वीणा, हुडुक, टाळ. तो बोटाने किंवा काडीने पात्र दाखवी, त्याच्या तोंडचे बोल बोले, मग ओवी गाई. पान पालटण्याची वेळ हीच कथेची लय. जीर्ण झालेली पोथी रद्दीत टाकत नसत, ती पाण्यात सोडत. त्यांच्या लेखी ते चित्र नव्हते, दैवत होते. म्हणूनच फार जुनी चित्रे आज सापडत नाहीत. हाताशी आहेत ती बहुतेक अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतली.

त्या चित्रांपाशी थोडे थांबायला हवे, कारण पुढे जे काही झाले ते या चित्रांच्या तुलनेतच कळते. यांत खोली नावाची गोष्ट नाही. सगळी माणसे एकाच पातळीवर, एका ओळीत उभी. चेहरा एका बाजूने, पण डोळा मात्र समोरून पाहिल्यासारखा, भला मोठा, वाटोळा, आत काळे बुबुळ. मंडपातल्या शेवटच्या माणसालाही प्रसंग दिसला पाहिजे, समईच्या मिणमिणत्या उजेडात, ही त्यामागची गरज. डोळा कुणाकडे वळला आहे, हात कुठे उगारला आहे, एवढ्यावर प्रसंग उलगडायला हवा. रंग मोजके: गेरूचा लाल, हरताळाचा पिवळा, निळीचा निळा, काजळीचा काळा. रेघ जाड आणि ठाम. ज्याचे महत्त्व मोठे त्याचे अंग मोठे. रावणाची दहा तोंडे एका रांगेत मांडलेली, राक्षसांचे सुळे बाहेर, बाणांचा वर्षाव म्हणजे आडव्या रेघांची दाट जाळी. आणि सगळ्यांचा वेष देशी. त्रेतायुगातल्या योद्ध्याच्या डोक्याला पागोटे असायला त्या चित्रकाराची काहीच हरकत नव्हती. हे अज्ञान म्हणावे, तर ऐकणाऱ्यांनाही दुसरे काही नको होते.

विषयांचीही गंमत आहे. रामायण-महाभारत म्हटले की वाल्मीकी आणि व्यास डोळ्यांसमोर येतात. चित्रकथीच्या पोथ्यांत मात्र शतमुख रावणाचा वध असतो, अहिरावण-महिरावण असतात, बभ्रुवाहन आपल्या बापाशी, अर्जुनाशी लढतो, हरिश्चंद्र डोंबाघरी राबतो, नळ-दमयंतीची ताटातूट होते. शतमुख रावण वाल्मीकींना ठाऊकच नाही. त्याला मारते ती सीता, आणि रामाला त्या वेळी फारसे काम नसते. ही गोष्ट गावात रंगणार यात शंका नाही. चित्रकाराने संहिता पाहून चित्र काढले नाही, सांगितलेली कथा ऐकून काढले. प्रमाण ग्रंथाचे नव्हते, श्रोत्यांचे होते.

सातारा-सांगलीच्या भागात या श्रोत्यांची तयारी सतराव्या शतकातच झाली होती. १६४८ साली समर्थ रामदासांनी चाफळला रामाचे देऊळ उभे केले. आसपासच्या वर्षांत चाफळ, माजगाव, शिंगणवाडी, उंब्रज, मसूर, शहापूर, बत्तीस शिराळा, बहे-बोरगाव अशा गावांत मारुती बसवले. नकाशावर ही गावे जोडली तर कऱ्हाडभोवतीचा आणि कृष्णा-वारणेमधला पट्टा भरून येतो. शेंदराने माखलेला, शेपूट उगारलेला मारुती हे या भागातल्या माणसाने पाहिलेले पहिले धार्मिक रूप, आणि त्यातही चित्रकथीसारखाच एकच एक ठसठशीत रंग. पुढच्या शतकाच्या आरंभी सांगोल्याजवळच्या नाझऱ्याच्या श्रीधरस्वामींनी ‘हरिविजय’, ‘रामविजय’, ‘पांडवप्रताप’ लिहिले, १७०२ ते १७१२ या दहा वर्षांत. सोप्या ओव्या, रसाळ प्रसंग, बायाबापड्यांना एकदा ऐकून कळतील असे. चावडीवर, देवळात, श्रावणात या पोथ्या लागू लागल्या. आख्याने तोंडपाठ असलेला श्रोता तयार झाला, आणि मग चित्रांना दुसरा धनी मिळाला. तो वाड्यात राहत होता.

सातारा ही शाहू महाराजांच्या वेळेपासून राजधानी. सत्ता हळूहळू पुण्याकडे सरकली तरी मानाची घराणी कृष्णेच्या काठाने वसली: औंधला व किन्हईला प्रतिनिधी, वाईला रास्ते, मिरज-सांगलीकडे पटवर्धन. उत्तर हिंदुस्थानच्या स्वाऱ्यांतून पैसा येत होता आणि त्याबरोबर आवडीनिवडीही येत होत्या. शनिवारवाड्याच्या भिंती रंगवायला जयपूरचा भोजराज चितारी आला, हे पेशवे दफ्तराने नोंदवले आहे. मराठी सरदारांनी राजस्थानातले महाल पाहिले होते. आपल्याही दिवाणखान्यात तसे काही असावे, अशी इच्छा होणे स्वाभाविकच.

४ डिसेंबर १७६८ रोजी मेणवली हे वाईजवळचे गाव नाना फडणीसांना इनाम मिळाले. देणारे दोघे: साताऱ्याचे रघुनाथ घनश्याम मंत्री आणि भवानराव त्र्यंबक पंतप्रतिनिधी. दीडशे वर्षांनी पुण्यात लाख रुपये देणारे भवानराव याच घराण्यातले. मेणवलीला नानांनी सहा चौकांचा वाडा बांधला, कृष्णेवर घाट बांधला, घाटावर मेणेश्वराचे देऊळ आणि देवळाजवळ वसईच्या विजयातून आलेली घंटा. त्या घंटेवर १७०७ हे साल आणि बाळ येशूसह मेरी कोरलेली आहे. शिवाच्या दारात मेरी बिनतक्रार लटकते आहे, आणि या प्रदेशाच्या धार्मिक कलेबद्दल काही बोलायचे तर ही घंटा विसरून चालणार नाही.

वाड्यातल्या भिंतींवर गणपती, कृष्ण आणि अवतारकथा आहेत. चुन्याच्या गुळगुळीत गिलाव्यावर, माती आणि वनस्पतींच्या रंगांत. चित्रकथीच्या पानाशेजारी ही भिंत कल्पनेने ठेवली की फरक ध्यानात येतो. इथे रेघ नाजूक आहे. माणसे महिरपीखाली, कमानीत, गाद्यागिरद्यांवर बसलेली. कृष्ण गोपींबरोबर आहे, पण त्याच्या भोवतीचा दिवाणखाना पेशवाईतला. बायकांचा पदर, नथ, अंबाडा सगळे ओळखीचे. राजपूत चित्रांतून उचललेल्या चौकटीत मराठी घर बसवलेले. इथे राक्षसाला काम नाही, आरोळी नाही, बाणांची जाळी नाही. हे चित्र मंडपातल्या दोनशे लोकांना दुरून दाखवायचे नव्हते. घरच्या माणसाने रोज येता-जाता पाहायचे होते. वाईत रास्त्यांच्या मोतीबागेतही भिंती अशाच रंगवलेल्या होत्या. जिनगर आणि चितारी हे काम करत. जिनगराचा मूळ धंदा खोगिरांचा, पण तोच पालख्या रंगवी, देव्हारे रंगवी, गणपती करी आणि लग्नघराच्या दाराशेजारी हत्ती-मोरही काढी. सरदाराच्या भिंतीवर आणि कुणब्याच्या दारावर चालणारा कुंचला कधी कधी एकाच हातातला असे.

म्हणून चित्रकथी ती लोककला आणि वाड्यातली ती अभिजन कला, अशी भिंत फार उंच बांधू नये. गोष्टी त्याच होत्या. बदलत होता तो पाहणारा आणि चित्र यांच्यातला संबंध.

याच सुमारास एक तिसरी नजर आली. स्कॉटलंडचा चित्रकार जेम्स वेल्स १७९१ मध्ये मुंबईला उतरला आणि पुढे पुण्यात सवाई माधवराव व नाना फडणीस यांची तैलचित्रे त्याने केली. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या प्रयत्नाने शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली. तिथला गंगाराम तांबट वेरूळला जाऊन लेणी जशी दिसतात तशी काढून आला. वेल्स १७९५ मध्ये वारला, शाळाही विस्कटली. पण छाया-प्रकाश, शरीराची मापे, लांबचे लहान आणि जवळचे मोठे हा हिशेब एकदा घरात शिरला तो परत गेला नाही.

१८१८ नंतर पैसा आटला. साताऱ्याची गादी ३० वर्षे तगली आणि मग इंग्रजांनी तीही खालसा केली. वाड्यांचे चौक राहिले, रंगवणारे पांगले. सांगलीत मात्र चिंतामणराव ऊर्फ आप्पासाहेब पटवर्धन शाबूत होते. कृष्णेच्या काठी गणपतीचे देऊळ उभारणारे हेच. १८४२ मध्ये कर्नाटकातली भागवत मंडळी सांगलीला आली, दशावतारी खेळ केले. ते पाहून आप्पासाहेबांनी आपल्या पदरच्या विष्णुदास भावे यांना तसे काहीतरी मराठीत करायला सांगितले. ५ नोव्हेंबर १८४३ ला ‘सीता स्वयंवर’ उभे राहिले.

मराठी रंगभूमीचा जन्म म्हणून ही तारीख शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. पण जरा वेगळ्या बाजूने पाहावे. भाव्यांच्या खेळात सूत्रधार पदे गातो, कथा सांगतो, आणि पात्रे त्याच्या सांगण्याबरहुकूम हावभाव करतात, मध्ये आपल्या मनाने चार वाक्ये बोलतात. राक्षस ‘अललडुर्र’ करत येतो. म्हणजे सांगणारा तोच, कथा तीच, पानावरचा रावण तेवढा हलू लागला. भाव्यांच्या हातात कारागिरीही होती. त्यांनी लाकडी बाहुल्या केल्या, सांधे हलतील अशा. त्या पुढे बाहुल्यांचे खेळ करणारे रामदास पाध्ये यांच्याकडे आल्या आणि दुरुस्त होऊन पुन्हा खेळल्या. चित्र, बाहुली आणि नट यांतला रस्ता या माणसाने फार थोड्या वेळात पार केला. नाटकाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी चित्रकथीला आणखी थोडी जागा द्यायला हवी होती, असे वाटते.

खरा धक्का दिला तो छापखान्याने. १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सोबत्यांनी पुण्यात चित्रशाळा काढली. तिचे रामपंचायतन घरोघर गेले. १८९४ मध्ये राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. लक्ष्मी, सरस्वती, विश्वामित्र-मेनका, हंस-दमयंती यांचे चकचकीत कागद काही आण्यांत मिळू लागले. आता भिंत रंगवायला चितारी नको होता, खिळा पुरे होता. देव पहिल्यांदाच सगळीकडे एकसारखे दिसू लागले. वाईची सरस्वती आणि विट्याची सरस्वती यांच्यात फरक उरला नाही.

तरी जुनी रीत पूर्ण बुडाली असे नाही. तिने छापखान्यातही जागा पटकावली. आषाढी अमावस्येला, म्हणजे दिव्यांच्या अवसेला, सातारा-सांगलीच्या घरांत अजून जिवतीचा कागद लागतो. त्याच्यावर चार चौकोन: खांबातून निघून हिरण्यकशिपूला मांडीवर घेतलेला नरसिंह, कालियावर नाचणारा कृष्ण, मुलांच्या गराड्यात जरा-जिवंतिका, आणि हत्तीवर बुध तर वाघावर बृहस्पती. श्रावणातल्या शुक्रवारी जिवती, शनिवारी नरसिंह, नागपंचमीला कालिया, बुधवार-गुरुवारी बुध-बृहस्पती. एका कागदावर महिन्याभराची पूजा. चौकोन सपाट, रंग भडक, चेहरे ठरलेले, प्रसंग एका नजरेत कळणारा. चित्रकथीच्या पानाचे हे छापील भावंड म्हणावे लागेल. रविवर्म्याच्या मेनकेने याला हात लावला नाही, कारण हा कागद शोभेचा नव्हता. याच्यापुढे कुणाची तरी आई मुलांना ओवाळत होती.

या सगळ्या उलथापालथीत २४ ऑक्टोबर १८६८ ला भवानरावांचा जन्म झाला. चित्रशाळेची चित्रे आली तेव्हा ते दहा वर्षांचे, रविवर्म्याचा छापखाना निघाला तेव्हा नुकतेच पदवीधर. डेक्कन कॉलेजचे बी. ए. झालेला हा राजपुत्र धाकटा होता, गादी मिळेल अशी चिन्हे नव्हती. १९०९ मध्ये ती मिळाली. राज्यकर्ता म्हणून त्यांनी पुढच्याच वर्षी एक दूरगामी गोष्ट केली. बेळगावातून हुसकावले गेलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलच्या माळावर जागा दिली, तिथे किर्लोस्करवाडी वसली. सूर्यनमस्कारांचा त्यांनी केलेला प्रचार तर सर्वश्रुतच आहे. हा राजा कीर्तनही करी. स्वतः उभा राहून, प्रजेपुढे, पुराणातली आख्याने लावी. कीर्तनकार आणि चित्रकार एकाच देहात असणे ही चित्रकथीची जुनी व्याख्या. ती इतक्या वर्षांनी एका संस्थानिकाच्या रूपाने पुन्हा दिसावी!

१९१६ मध्ये त्यांचे ‘चित्ररामायण’ मुंबईत छापून निघाले. प्रसंग एकामागून एक, प्रत्येकाला रंगीत चित्र. बैठक रविवर्म्याची: तैलरंगासारखी छाया, नाटकातल्यासारखी उभी राहिलेली पात्रे, मागे पडद्यासारखे अरण्य. रविवर्म्याला ते ओळखत होते, त्याची आणि महादेव विश्वनाथ धुरंधरांची चित्रे त्यांनी संग्रहात आणली. राजांचा हात रविवर्म्याच्या तोडीचा होता असे कुणी म्हणणार नाही. आकृत्या ताठ होतात, चेहऱ्यांवर भावाऐवजी निश्चय दिसतो. पण आवाका कुणाचा होता? एकट्याने अख्खे रामायण रंगवायला घ्यायचे आणि ते पुरे करून छापून लोकांच्या हाती द्यायचे, ही चित्रकथीची जिद्द. धंदेवाईक चित्रकार एक दमयंती काढून थांबतो.

मग त्यांच्या डोक्यात एक किडा शिरला, आणि तो महत्त्वाचा आहे. द्रौपदीच्या अंगावर पेशवाईतले लुगडे कसे असेल? भीमाच्या डोक्यावर कोणता मुकुट? रथाला चाके किती? उत्तरे शोधायला त्यांनी लेणी पालथी घातली. चित्रकार बरोबर घेऊन ते अजिंठ्याला गेले, नकला करवल्या. वेरूळवर १९२९ मध्ये आणि अजिंठ्यावर १९३२ मध्ये त्यांची पुस्तके निघाली. महाभारताच्या मुखपृष्ठामागची ती ‘प्राचीन नमुन्यांवरून’ ही नोंद याच ध्यासातून आली. चित्रकथीने श्रोत्याचा वेष रामाला चढवला होता, बाळासाहेब आता रामाला रामाच्या काळाचे कपडे शोधत होते. त्यासाठी त्यांना मिळाले ते बौद्ध लेण्यांतले, म्हणजे पुराणकथेच्या हिशेबाने फार अलीकडचे. पण काळाचे भान हीच नवी गोष्ट होती. देवाच्या चित्राला इतिहासाची अट लागली.

गावात औंधला या वेळी आणखी एक चित्रकार राहायला आला होता. श्रीपाद दामोदर सातवळेकर, मूळचे सावंतवाडीजवळच्या कोलगावचे, मुंबईच्या जे. जे. स्कूलचे, लाहोरात ज्यांची चित्रशाळा जोरात चालली होती. त्यांनी कुंचला बाजूला ठेवला आणि औंधच्या स्वाध्याय मंडळात वेदांचे मराठी-हिंदी भाष्य हाती घेतले. राजा शास्त्रावरून चित्राकडे निघालेला आणि चित्रकार चित्राकडून शास्त्राकडे. दोघांची गाठ याच माळावर पडावी हा योग मजेचा आहे.

इकडे पुण्यात महाभारताचे काम वेगळ्याच दिशेने चालले होते. १ एप्रिल १९१९ ला रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी पाठ जुळवण्याच्या पहिल्या कागदावर मंगलाचरणाचा श्लोक लिहिला. १९२५ मध्ये सुकथनकर आले, १९२७ मध्ये पहिला भाग, १९३३ मध्ये आदिपर्व पूर्ण. हस्तलिखितांची छाननी जसजशी पुढे गेली तसतसे लोकांचे लाडके प्रसंग मूळ संहितेतून गळून पडू लागले. गणपतीने व्यासांचा लेखनिक व्हावे, ही गोष्ट परिशिष्टात गेली. सभापर्वात द्रौपदी कृष्णाचा धावा करते ते श्लोकही तळटीपेत उतरले, वस्त्रे वाढतात पण ती कोण पुरवतो हे मुख्य पाठात उरले नाही. एरवी कुठल्याही चित्रकथीला, कुठल्याही कॅलेंडरवाल्याला विचारा, महाभारतातले चित्र काढ म्हणून. तो आधी हेच दोन प्रसंग काढील.

म्हणजे लाख रुपये देणाऱ्याला हवे होते चित्रांचे महाभारत, आणि त्याच्या पैशाने सिद्ध झाले ते चित्रांना आधार देणाऱ्या कथाच बाजूला ठेवणारे महाभारत. यात कुणाची फसवणूक नव्हती. शास्त्र आपल्या वाटेने गेले. १९६६ मध्ये राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत हे काम पूर्ण झाल्याचे जाहीर झाले तेव्हा बाळासाहेबांना जाऊन १५ वर्षे झाली होती. आज अभ्यासक ते खंड पाठभेदांसाठी उघडतात. चित्रांचे पान सहसा उलटले जाते.

त्यांचे दुसरे काम मात्र डोळ्यांना दिसते. औंधच्या डोंगरावर मूळपीठाची यमाई, आणि चढणीवर १९३८ मध्ये बांधलेले श्रीभवानी वस्तुसंग्रहालय. वरून नैसर्गिक उजेड दालनात उतरेल अशी छताची रचना. राजपूत, मुघल, पहाडी लघुचित्रे, किरातार्जुनीयाची चित्रमालिका, रविवर्मा, धुरंधर, युरोपातल्या नामांकित चित्रांच्या नकला, आणि अगदी हेन्री मूरचे माता-बालकाचे शिल्पसुद्धा. खटाव तालुक्यातल्या शाळेच्या सहलींनी हेन्री मूर पाहिला आहे, हे लंडनला सांगितले तर खरे वाटणार नाही. मंडपातल्या समईपाशी एकत्र बसून पाहायचे चित्र इथे दालनात आले, खाली नावाची पाटी आली, आणि पाहणारा एकेकटा, गप्प उभा राहू लागला. बाळासाहेबांच्या मनात प्रजेचे शिक्षण होते आणि ते झालेही. पण सांगणारा माणूस त्या रचनेत बसत नव्हता.

१९३९ च्या जानेवारीत औंधने गांधीजींच्या सल्ल्याने आपली सत्ता प्रजेच्या हाती देणारा स्वराज्याचा कायदा केला. ८ मार्च १९४८ ला संस्थान विलीन झाले. त्याच वर्षी गांधीहत्येनंतर सातारा-सांगली भागात ब्राह्मणांची घरे-वाडे पेटवले गेले. सातवळेकर औंध सोडून गुजरातेत पारडीला गेले. १९४९ मध्ये दक्षिण सातारा असा वेगळा जिल्हा निघाला, १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. औंध साताऱ्यात राहिले, आटपाडी आणि कुंडल सांगलीत गेले. राजाची बहुतेक गावे अशी दोन जिल्ह्यांच्या दफ्तरांत वाटली गेली.

सांगणारा माणूस मात्र दुसऱ्या दाराने परत आला. आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्याचा, औंधच्या शाळेत शिकलेला गजानन दिगंबर माडगूळकर. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर त्यांचे ‘गीतरामायण’ सुरू झाले, ५६ गीते, वर्षभर. प्रत्येक गीत म्हणजे एक प्रसंग, प्रसंगात एक पात्र आपल्या तोंडाने बोलते, मग पुढचे पान. चित्राचा कागद तेवढा नव्हता. तो ऐकणाऱ्याने आपल्या मनात काढायचा.

कागदाच्या नशिबी मात्र वेगळी वाट आली. पुण्याच्या दिनकर केळकरांनी जुन्या बाजारातून आणि गावोगाव हिंडून चित्रकथी पोथ्या गोळा केल्या. पैठणच्या बाजूला सापडल्या म्हणून त्यांना पैठण शैली असे नाव पडले. त्या तिथेच रंगवल्या गेल्या का, हा वाद तज्ज्ञांचा. १९७५ मध्ये केळकरांचा संग्रह सरकारकडे आला. त्याच सुमाराच्या वर्षांत जर्मनीतल्या आणि भारतातल्या अभ्यासकांनी या चित्रांवर लेख-पुस्तके लिहिली, आणि ज्या पानांना गावातला सुशिक्षित नाके मुरडत होता त्यांना परदेशातल्या संग्रहालयांत मान मिळाला. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने ही कला पोथीसह, वाद्यांसह जपली होती. तिथले परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. पिंगुळीत आता मुले कागदावर, कापडावर, विकायच्या वस्तूंवर ती मोठ्या डोळ्यांची माणसे काढतात. आख्यान पूर्ण सांगता येणारे थोडे, रावण काढता येणारे पुष्कळ.

मेणवलीच्या घाटावर अलीकडे चित्रपटवाले येतात. २००४ च्या ‘स्वदेस’मधले गाव याच घाटावर उभे राहिले. पर्यटक घंटेचा आणि पायऱ्यांचा फोटो काढतात, मग कुणीतरी वाड्यात चला म्हणते, आणि माडीवरच्या त्या भिंती पाहताना हटकून एक प्रश्न विचारला जातो: यातला हा कोण, आणि तो काय करतोय? वाड्याची माहिती देणाऱ्याला मग गोष्ट सांगावी लागते.